पासाउ ते व्हिएन्ना सायकलवरून : नदी पाहावी की नदीकाठची गावे?

मुळाकाठ
नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात सौ. आणि मी म्युनिकला मुलीकडे जाणार आहोत. माझे वय ६१, तिचे ५७. गेली पाच वर्षे आम्ही दोघे दर रविवारी औंधहून मुळशीच्या दिशेने सायकलवरून जातो. चाळीसएक किलोमीटर झाले की समाधानाने घरी परततो. चढ आम्हांला सोसतो, पण चढाची हौस नाही. मुलीने सुचवले की तिच्याकडे आल्यावर डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सायकलने जा. हे अंतर सुमारे ३२० किलोमीटर आहे आणि आमच्या हाती प्रत्यक्ष सायकल चालवण्यासाठी सात दिवस आहेत.

भागाकार केला तर दिवसाला पंचेचाळीस किलोमीटर येतात आणि ते आम्हांला झेपतील. माझी अडचण वेगळीच आहे. नकाशा जितका बारकाईने पाहतो तितके मला वाटू लागले आहे की हा मार्ग नदीला चिकटून जातो आणि जुनी गावे मात्र कधी टेकडीवर, कधी पलीकडच्या काठावर, कधी दोन-चार किलोमीटर आत आहेत. रोजचे अंतर पुरे करण्याच्या नादात आपण सात दिवस नदीच पाहू आणि ज्या गावांसाठी जायचे ती बाजूने निघून जातील, अशी भीती वाटते. पूर्ण मार्ग करावा, की थोडे अंतर गाळून गावांत जास्त वेळ थांबावे? मुक्काम कोणत्या गावांत करावेत? ज्यांनी हा किंवा असा दुसरा मार्ग केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तांबडीमाती
मुळाकाठ काका, मी नऊ वर्षे म्युनिकमध्ये राहतो आणि हा मार्ग दोनदा केला आहे, म्हणून आधी व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. म्युनिकहून पासाउला प्रादेशिक गाडी थेट जाते, सव्वादोन-अडीच तास लागतात आणि सायकलचे वेगळे तिकीट काढून ती गाडीत नेता येते. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत मात्र सायकलची जागा आधी आरक्षित करावी लागते आणि सुट्टीच्या दिवसांत ती लवकर संपते. मुलीकडच्या सायकली नेण्यापेक्षा पासाउला भाड्याने घ्या. सायकल तिथे घेऊन व्हिएन्नात परत करण्याची सोय मिळते. पाठीवर सामान अजिबात घेऊ नका. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या जलरोधक पिशव्या भाड्याच्या सायकलीबरोबर बहुधा मिळतात, आणि तेही ओझे नको असेल तर तुमची बॅग एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामावर पोचवणाऱ्या सेवाही आहेत.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडेच ठेवा. पासाउ समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आहे आणि व्हिएन्ना त्याच्या साधारण निम्म्या उंचीवर. हा उतार इतक्या लांबवर पसरला आहे की पायांना तो जाणवत नाही. खरा फायदा वाऱ्याचा आहे, कारण या खोऱ्यात वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा असतो. मी एकदा मित्राच्या हट्टापायी व्हिएन्नाच्या अलीकडच्या क्रेम्सहून उलटा निघालो. मेल्कपर्यंतचे छत्तीस किलोमीटर एरवी दोन-अडीच तासांचे, ते त्या दिवशी पाच तासांचे झाले.

वाट चुकण्याची काळजी करू नका. नॉन्तच्या बाजूच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या लांब मार्गाचाच हा एक तुकडा आहे आणि प्रत्येक फाट्यावर पाट्या आहेत. बहुतेक ठिकाणी दोन्ही काठांवरून जाता येते. पलीकडे जायला पूल आहेत, छोट्या नावा आहेत, शिवाय ओटेन्सहाइम किंवा इब्स-पेर्सेनबोइगसारख्या जलविद्युत केंद्रांच्या बंधाऱ्यांवरूनही सायकल नेता येते.

रानवाट
मी थोडे वेगळे मत मांडतो. ३२० किलोमीटर सपाट आणि डांबरी मार्ग, तोही वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे नियमित सायकल चालवणाऱ्याला तीन दिवसांचे काम आहे. मी आणि माझे दोन मित्र २०१८ साली साडेतीन दिवसांत व्हिएन्नाला पोचलो. सलग चालवण्याचा एक आनंद असतो. सकाळी दरीतून निघावे आणि संध्याकाळी द्राक्षमळ्यांत पोचावे, म्हणजे नदी कशी बदलत जाते ते एका नजरेत कळते. तुम्ही पूर्ण मार्ग पाच दिवसांत करावा आणि उरलेले दोन दिवस व्हिएन्नाला द्यावेत, असे मला वाटते. मार्गाचा तुकडा गाळला तर पुढे आयुष्यभर त्या तुकड्याची चुटपुट लागते.

कृष्णाकाठी
रानवाट, तुमच्या आनंदाचा मान राखूनही मी मुळाकाठ यांच्या शंकेच्या बाजूने उभी राहीन. आम्ही दोघे २०२२ च्या सप्टेंबरमध्ये गेलो होतो आणि आम्हांला दहा दिवस लागले. त्यातला एकही दिवस जास्त झाला असे वाटले नाही.

पहिली गोष्ट पासाउची. लोक तिथे सकाळी उतरतात, सायकल घेतात आणि अर्ध्या तासात गाव सोडतात. कृपया तसे करू नका, आदल्या दुपारीच पोचा. तिथे तीन नद्या एकत्र येतात आणि तिन्हींचे रंग वेगवेगळे दिसतात. आल्प्सच्या बर्फाचे पाणी आणणारी इन हिरवट दुधी, दलदलीच्या प्रदेशातून येणारी इल्त्स काळसर, आणि या दोघींच्या मध्ये डॅन्यूब. वर्षाचा हिशेब केला तर इन नदी डॅन्यूबपेक्षा जास्त पाणी आणते, तरीही पुढे नाव डॅन्यूबचेच चालते. सेंट स्टीफनच्या कॅथेड्रलमधल्या ऑर्गनला सतरा हजारांहून अधिक नळ्या आहेत आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत दुपारी त्यावर वादन असते.

मी सांगलीची आहे. त्यामुळे मला सर्वांत जास्त वेळ कुठे थांबावेसे वाटले असेल, तर ते तिथल्या जुन्या नगरभवनाच्या भिंतीपाशी. शतकानुशतकांच्या महापुरांच्या खुणा तिथे साल घालून कोरल्या आहेत. २०१३ च्या जूनमधले पाणी १२.८९ मीटरला पोचले होते आणि १५०१ नंतरचा तो सर्वांत मोठा पूर होता. आम्ही आयर्विन पुलावरच्या पाणीपातळीचे आकडे ऐकत वाढलेली माणसे. त्या भिंतीसमोर आम्ही दोघे बराच वेळ काही न बोलता उभे होतो. नंतर न्याहारीच्या वेळी खाणावळीच्या मालकीणबाईंना २०१९ मधल्या आमच्या घरातल्या पाण्याची उंची हाताने दाखवली, तेव्हा त्यांनीही हात वर करून त्यांच्याकडची उंची दाखवली. त्यांना इंग्रजी फारसे येत नव्हते आणि मला जर्मन येत नव्हते.

दुसरी गोष्ट श्ल्योगेनच्या वळणाची. पासाउपासून साधारण चाळीस किलोमीटरवर नदीला कठीण खडक आडवा येतो आणि ती जवळजवळ पूर्ण उलटी वळते. सायकलवरून जाताना हे वळण दिसतच नाही, कारण आपण त्याच्या आत असतो. सायकल खाली कुलूप लावून ठेवावी आणि जंगलातल्या पायवाटेने अर्धा-पाऊण तास वर चढावे, तेव्हा नदीचा तो पूर्ण घोड्याचा नाल दिसतो. उत्तर काठाने आलात तर वळणावर पुढे रस्ताच नाही आणि सायकलसकट नावेत बसावे लागते. रानवाट, तुम्ही वर चढला होतात का? हे मी मनापासून विचारते आहे, खोचकपणे नव्हे.

वाचनमात्र
फार उपयुक्त धागा आहे, आम्हीही पुढच्या वर्षी जाणार असल्यामुळे प्रत्येक प्रतिसाद उतरवून ठेवतो आहे.

रानवाट
कृष्णाकाठी ताई, नाही चढलो. त्या दिवशी लिन्त्स गाठायचे होते.

गोदातीर
मुळाकाठ यांनी जे नकाशावर हेरले आहे त्याला ऐतिहासिक कारण आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आपण ज्या वाटेवरून सायकल चालवतो तिच्या बऱ्याच भागाला तिथे ‘ट्रेपेलवेग’ म्हणतात. वाफेची जहाजे येण्यापूर्वी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला जाणारी मालवाहू नौका घोड्यांच्या तांड्याने काठावरून ओढून न्यावी लागे आणि त्या घोड्यांसाठी पाण्यालगत ही वाट राखलेली होती. डॅन्यूबवरच्या वाफेच्या जहाजांची कंपनी १८२९ साली स्थापन झाली आणि पुढे घोड्यांचे ते काम हळूहळू संपले. म्हणजे ही वाट गावे जोडण्यासाठी बांधलेलीच नव्हती, ती नौकांसाठी होती. गावे पुराच्या रेषेच्या वर, किल्ल्याच्या आडोशाला किंवा व्यापारी रस्त्यावर वसली. म्हणून सायकलस्वाराला गावासाठी वाट मुद्दाम सोडावी लागते, आणि ती सोडण्याची तयारी ठेवूनच दिवसाचे अंतर ठरवावे.

उदाहरण म्हणून एन्स घ्या. हे गाव दक्षिण काठावर, नदीपासून थोडे आत आहे, त्यामुळे बहुतेक सायकलस्वार त्याला वगळतात. वास्तविक त्याला १२१२ साली नगराचा अधिकार मिळाला आणि ऑस्ट्रियातले सर्वांत जुने नगर म्हणून ते स्वतःची ओळख सांगते. चौकाच्या मधोमध सोळाव्या शतकातला सुमारे साठ मीटर उंचीचा मनोरा आहे. संध्याकाळी त्या चौकात गावातलेच लोक बसलेले असतात. आम्ही तिथे पाहुणे होतो, पण गिऱ्हाईक आहोत असे कोणी जाणवू दिले नाही.

ग्राइन हे मात्र अगदी वाटेवर आहे आणि तिथे मुक्काम करावाच. त्याच्या खालच्या अंगाला नदी अरुंद होते. तिथले खडक आणि भोवरे नावाड्यांना इतके धोक्याचे वाटत की ते आधी ग्राइनला थांबत आणि वाट माहीत असलेल्या स्थानिक माणसांना बरोबर घेऊन पुढे जात. गावाची श्रीमंती त्या भीतीवर उभी राहिली. पुढे खडक फोडले गेले, बंधाऱ्यांनी पाणी संथ झाले आणि आज तिथे नदी तळ्यासारखी दिसते. याच गावात १७९१ सालचे छोटे नाट्यगृह आहे. गावकऱ्यांनी ते जुन्या धान्याच्या कोठारात उभारले. त्यातल्या काही खुर्च्यांना कुलपे आहेत, म्हणजे वर्षभराचे पैसे भरणारा माणूस आपली खुर्ची कुलूप लावून घरी जात असे, आणि शेजारच्या कोठडीतल्या कैद्यालाही झरोक्यातून नाटक दिसत असे. नाटकवेड्या महाराष्ट्रातल्या माणसाने हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला अगदी आग्रहाने सांगावेसे वाटते.

मेल्क आणि क्रेम्स यांच्या मधल्या ड्युर्नश्टाइन या गावाविषयीही दोन शब्द. तिसऱ्या धर्मयुद्धाहून परतणाऱ्या इंग्लंडच्या राजा रिचर्डला डिसेंबर ११९२ मध्ये व्हिएन्नाजवळ पकडण्यात आले आणि ऑस्ट्रियाचा ड्यूक लिओपोल्ड पाचवा याने त्याला या गावावरच्या किल्ल्यात ठेवले. सुटकेसाठी चांदीच्या रूपाने प्रचंड खंडणी आली आणि तिच्यातल्या ड्यूकच्या वाट्यातून व्हिएन्ना, हाइनबुर्ग आणि वर सांगितलेल्या एन्सच्या तटबंदीला पैसा मिळाला. किल्ला पुढे १६४५ मध्ये स्वीडिश सैन्याने उद्ध्वस्त केला आणि आज फक्त अवशेष आहेत. एन्सची भिंत आधी पाहून तीन दिवसांनी ड्युर्नश्टाइनचा चढ चढणाऱ्याला या दोन गावांचे नाते जसे कळते, तसे मोटारीने फिरणाऱ्याला कळणे अवघड आहे, कारण मधले अंतर त्याच्या पायांतून गेलेले नसते.

निळावंती
गोदातीर सर, प्रतिसाद फार आवडला. तरी मुळाकाठ यांना जर गावेच पाहायची असतील, तर डॅन्यूबचा हट्ट कशासाठी, असा प्रश्न मला पडतो. मी व्युर्त्सबुर्गजवळ राहते. आमच्याकडे टाउबर नावाची लहानशी नदी आहे. रोथेनबुर्गपासून ही नदी माइनला मिळते त्या वेर्टहाइमपर्यंतचा सायकलमार्ग सुमारे शंभर किलोमीटरचा आहे. तो चार दिवसांत निवांत होतो आणि गावे अगदी हाताच्या अंतरावर येत राहतात. क्रेग्लिंगेनच्या बाहेरच्या छोट्या चर्चमध्ये टिलमान रीमेनश्नायडर या शिल्पकाराने लिंडेनच्या लाकडात कोरलेली वेदी आहे. वाइकर्सहाइमला राजवाडा आणि त्याची बाग आहे. बाड मेर्गेन्टहाइम हे १५२५ पासून १८०९ पर्यंत ट्यूटॉनिक या लढाऊ ख्रिस्ती सरदारसंघाच्या प्रमुखाचे ठिकाण होते. दोन गावांच्या मध्ये फक्त मळे, गिरण्या आणि दगडी पूल.

रोथेनबुर्गबद्दल लोक म्हणतात की ते पर्यटकांसाठी सजवलेले गाव आहे. मला हे मत अन्यायाचे वाटते. ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्या गावाचा सुमारे चाळीस टक्के भाग नष्ट झाला. जे आज आपण जुने म्हणून पाहतो त्यातला बराच भाग लोकांनी पुन्हा उभा केला आहे, आणि तटाच्या भिंतीत देणगीदारांच्या नावांचे दगड बसवले आहेत. देशोदेशींची नावे वाचत तटावरून चालताना मला ती भिंत जास्तच खरी वाटते. दुपारी तिथे बसगाड्यांची गर्दी असते हे मान्य आहे. सायकलवाल्याने मात्र तिथे रात्री राहावे. संध्याकाळी सहानंतर बसगाड्या निघून जातात, रस्त्यांवर पावलांचे आवाज ऐकू येऊ लागतात आणि सकाळी सातला बेकरीसमोर गावातली माणसे रांगेत उभी असतात.

सुगरण_मी
शाकाहारी लोकांसाठी एक सूचना. या दोन्ही देशांत रविवारी किराणा दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळीच पाव, चीज, फळे आणि सुकामेवा घेऊन ठेवा. लहान गावांतल्या खाणावळी दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद करतात आणि भुकेल्या सायकलस्वाराला संध्याकाळपर्यंत केकवर भागवावे लागते. केझेश्पेत्स्ले, म्हणजे चीजमध्ये घोळवलेले पिठाचे तुकडे आणि वर तळलेला कांदा, हा पदार्थ जवळजवळ सगळीकडे मिळतो, मात्र मांसाचे तुकडे नाहीत ना हे आधी विचारावे.

मेल्क ते क्रेम्स यांच्या मधल्या डॅन्यूबच्या वाखाउ खोऱ्यात जर्दाळूच्या बागाच बागा आहेत. मे महिन्यात तुम्हांला ताजी फळे मिळणार नाहीत, कारण हंगाम जुलैचा आहे. पण मारिलेनक्न्योडेल जरूर खा. अख्खा जर्दाळू मऊ पिठात गुंडाळून पाण्यात उकळतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. पहिला घास घेताच मला आईच्या हातच्या उकडीच्या मोदकाची आठवण झाली, आणि अर्थातच दुसरा मागवला. एक गंमत सांगते. तिथे बियर आणि लिंबाचे गोड पेय मिसळून ‘राडलर’ नावाचे पेय देतात आणि राडलर या शब्दाचा अर्थच सायकलस्वार असा आहे. आमचे हे कौतुकाने म्हणाले, आता एका राडलरसाठी एक राडलर आणा. वाढणाऱ्या काकूंनी हे वाक्य हजार वेळा ऐकले असणार, तरी त्या मनापासून हसल्या.

मुळाकाठ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. निळावंती ताई, टाउबरचा मार्ग आम्ही वहीत लिहून ठेवला आहे. मुलगी म्युनिकलाच असल्यामुळे तो पुढच्या खेपेला नक्की करू, यंदा मात्र सौ.चे मन मोठ्या नदीवर आहे. एक नाजूक प्रश्न आहे. वाटेत माउटहाउझेन लागते. तिथल्या नाझी छळछावणीच्या स्मारकाला जावे की नाही यावर आमच्या घरात दोन मते आहेत. सुट्टीच्या प्रवासात अशा जागी जाणे योग्य वाटत नाही, असे सौ.चे म्हणणे आहे. आपले अनुभव सांगाल का?

गोदातीर
वहिनींची भावना मी समजू शकतो. आम्हीही थबकलो होतो. माझे उत्तर मात्र ‘जावे’ असे आहे. माउटहाउझेन हे नदीकाठचे रंगीत घरांचे देखणे गाव आहे आणि सायकलची वाट त्याच्या समोरून जाते. छावणी वरच्या टेकडीवर होती. ऑगस्ट १९३८ मध्ये ती उभारली गेली, कारण तिथे ग्रॅनाइटच्या खाणी होत्या आणि त्या कैद्यांकडून खोदून घ्यायच्या होत्या. ५ मे १९४५ रोजी अमेरिकन सैन्य तिथे पोचेपर्यंत ही छावणी आणि तिच्या शाखांमध्ये मिळून सुमारे १,९०,००० माणसांना डांबले गेले आणि त्यांतल्या किमान ९०,००० जणांचा मृत्यू झाला. खाणीतून वर येणाऱ्या १८६ पायऱ्यांवरून कैद्यांना पाठीवर दगड घेऊन चढवले जात असे.

तिथे जाणारा रस्ता चढाचा आहे. बऱ्याच ठिकाणी उतरून सायकल हातात धरावी लागली. वर पोचल्यावर मागे वळून पाहिले तर खाली तीच शांत नदी, शेते आणि चर्चचे मनोरे. हा देखावा त्या लोकांनाही दिसत असणार, हा विचार मला आजही सोडत नाही. आपण या प्रदेशात अकराव्या शतकातला मठ पाहायला थांबतो, बाराव्या शतकातल्या राजाची कैद कौतुकाने ऐकतो. मग ज्याला अजून शंभर वर्षेही झाली नाहीत ते टाळून पुढे जाणे मला जमले नसते. फक्त त्या दिवशी दुसरे काहीही ठेवू नका. आम्ही तिथून लगेच ग्राइन गाठले आणि संध्याकाळी दोघांनाही जेवण गेले नाही. मुक्काम जवळच, एन्सला किंवा माउटहाउझेनमध्येच करावा आणि संध्याकाळ मोकळी ठेवावी.

तांबडीमाती
गोदातीर सरांशी सहमत आहे. मूळ प्रश्नाकडे परत येऊन एक सावधगिरी सांगतो. मे महिन्यात तिथे गुरुवारी येणारी एक धार्मिक सुट्टी असते आणि लोक शुक्रवार जोडून चार दिवस बाहेर पडतात. माझ्या पहिल्या फेरीत मी हे लक्षात न घेता निघालो. वाखाउतल्या एका गावात जिथे खोली ठरवली होती तिथे पोचल्यावर कळले की माझी नोंदच झालेली नाही, आणि आसपासच्या प्रत्येक दारावर ‘खोली शिल्लक नाही’ अशी पाटी होती. रात्री साडेनऊला क्रेम्सजवळ जागा मिळाली. म्हणून मुक्काम आधी ठरवा आणि आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. लहान खाणावळींत रोख पैसे लागतात तेही लक्षात असू द्या. पाऊस सलग झाला तर नदीकाठची वाट बंद होऊ शकते. अशा वेळी रेल्वे हा चांगला आधार आहे.

आता अंतर गाळण्याविषयी. माझ्या मते गाळायचाच असेल तर क्रेम्सपासून व्हिएन्नापर्यंतचा शेवटचा टप्पा गाळावा. तो सुमारे ऐंशी किलोमीटरचा आहे, बराचसा बांधावरून सरळ जातो आणि रेल्वेने तासाभरात होतो. तिथे काही पाहण्यासारखे नाही असे अजिबात नाही. त्स्वेन्टेनडॉर्फला पूर्ण बांधून झालेले आणि तरीही एकदाही सुरू न झालेले अणुऊर्जा केंद्र आहे, कारण १९७८ च्या जनमतात लोकांनी अगदी थोड्या फरकाने त्याला नकार दिला. पुढे टुल्न हे चित्रकार एगोन शीले याचे जन्मगाव आहे. त्याचे वडील तिथे स्टेशनमास्तर होते आणि त्याचा जन्म १८९० साली स्टेशनाच्याच इमारतीत झाला. तुमची गाडी टुल्नला थांबते, म्हणजे तेवढे तर रेल्वेने जाऊनही पाहता येईल.

रानवाट
तांबडीमाती यांच्या या सूचनेला माझे अनुमोदन आहे. चुटपुटीबद्दल मी वर लिहिले होते, त्यावर दोन दिवस विचार केला. मला ग्राइनचे नाट्यगृह आठवत नाही, एन्स आठवत नाही आणि मेल्कचा मठ फक्त दुरून पाहिल्याचे आठवते. म्हणजे तुकडा न गाळताही माझे बरेच काही गळले आहे. काका, मेल्कला सकाळी मठ उघडताच आत जा, असे तेव्हा आमच्या खाणावळीतल्या एका वयस्कर डच जोडप्याने आम्हांला सांगितले होते. आम्ही ऐकले नाही, तुम्ही ऐका.

मुळाकाठ
आपल्या सर्वांच्या प्रतिसादांवरून काल रात्री आम्ही दोघांनी बेत पक्का केला. आदल्या दुपारी पासाउला पोचून ऑर्गन ऐकायचा आणि पुराच्या खुणांपाशी थांबायचे. पहिला दिवस श्ल्योगेनपर्यंत आणि दुपारी वर चढायचे. दुसरा लिन्त्स. तिसऱ्या दिवशी अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. सकाळी माउटहाउझेनचे स्मारक, मग पलीकडे एन्सला मुक्काम. सौ. म्हणाली की ती येईल आणि वर गेल्यावर आत जायचे की बाहेर बसायचे ते तिथेच ठरवेल. चौथा ग्राइन आणि पाचवा मेल्क. सहाव्या दिवशी सकाळी मठ पाहायचा. १०८९ पासून बेनेडिक्टाइन साधू त्या कड्यावर राहत आहेत, तर त्यांना आपली एक सकाळ द्यायलाच हवी. मग निवांत वाखाउतून ड्युर्नश्टाइनपर्यंत तीसएक किलोमीटर. सातव्या दिवशी किल्ला चढून क्रेम्सहून रेल्वेने टुल्नमार्गे व्हिएन्ना.

शेवटची एक शंका. मेल्कनंतर वाखाउत उत्तर काठाने जावे की दक्षिण काठाने? मुक्काम तर उत्तर काठावर आहे.

कृष्णाकाठी
दोन्ही काठांनी जा, ते सहज जमते. मेल्कहून पूल ओलांडून उत्तर काठाने श्पित्सपर्यंत जा. वाटेत विलेन्डॉर्फ लागेल. तिथे १९०८ साली अश्मयुगातली अकरा सेंटिमीटर उंचीची प्रसिद्ध स्त्रीमूर्ती सापडली. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे, म्हणजे जिथे सापडली ती जागा आधी आणि मूर्ती दोन दिवसांनी, असा क्रम तुम्हांला आपोआप मिळेल. श्पित्सला नदीवर आडवी तार बांधलेली आहे आणि तिला अडकवलेली नाव इंजिनाशिवाय, केवळ प्रवाहाच्या रेट्याने पलीकडे जाते. हे तिथे जमते, कारण वाखाउत बंधारा नाही आणि नदी तिच्या मूळ वेगाने वाहते. ऐन मध्यावर पोचलात की बोलणे थांबवा, फक्त पाण्याचा आवाज येतो.

दक्षिण काठाला उतरलात की गर्दी संपते. आर्न्सडॉर्फची छोटी गावे, जर्दाळूची झाडे, आणि पलीकडे डोंगरावर दगडी बांधांनी रचलेले द्राक्षमळ्यांचे टप्पे दिसत राहतात. ते उत्तर काठावरून नीट दिसत नाहीत, कारण आपण त्यांच्या पायथ्याशी असतो. रोसात्सबाखला थांबा. समोर ड्युर्नश्टाइनच्या चर्चचा निळा मनोरा आणि वर किल्ल्याचे अवशेष दिसतील. तिथून लहान नाव सायकलसकट पलीकडे नेते, मात्र शेवटची फेरी किती वाजता असते ते सकाळीच विचारून ठेवा. आम्ही पाचच्या सुमारास पलीकडे उतरलो, तेव्हा मोठ्या जहाजांचे प्रवासी धक्क्यावर परत निघाले होते आणि गल्लीतल्या दुकानाबाहेरच्या फळ्या आत घेणे सुरू झाले होते.